प्लास्टरची वडी

बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
लॅबच्या मागच्या खोलीत
मी समुद्र कालवते.
मिठाची पंचवीस किलोची बादली, आरओचं पाणी,
लाकडी उलथनं.
काटा तरंगत हिरव्या पट्ट्यात आला की थांबायचं.
सोसायटीचे सेक्रेटरी अधूनमधून येतात,
टाकीकडे नाही, खाली स्लॅबकडे बघून जातात.

दिवसा मी दात करते.
डॉक्टर लुकतुके मापं पाठवतात,
मी जबडे ओतते, घासते, रंग जुळवते.
आपल्याकडे पांढरे दात कुणाला शोभत नाहीत,
अमृततुल्यात मुरलेले लागतात.

पोपटमासा घेतला, म्हणजे मादी,
तपकिरी, पोटाशी लालसर.
फिरोझ तांबोळींनी विकतानाच दोनदा बजावलं,
"ताई, ही टाकीत टिकत नाही.
हिला दिवसभर कुरतडायला अख्खा खडक लागतो.
तुम्ही क्लाउन न्या, मुलांना आवडतो."
आमच्याकडे मुलं नाहीत, म्हटलं.
अकरा हजार मोजले.
धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पोपट झाला तुमचा."

झाला खरा.
बारा दिवस तिने कशाला तोंड लावलं नाही.
कोळंबी तरंगून कुजली, पालक गाळणीत अडकला.
ती नुसती काचेवर चोच घासायची.
चोच कसली, दातच ते,
एकमेकांत वितळून एक झालेले.
बावीस वर्षांत असा पक्का जबडा
माझ्या हातून एकदाही उतरला नाही.

तेराव्या रात्री डोक्यात आलं,
हिला अन्न नकोच आहे,
अन्नाभोवतीचा दगड हवाय.

मग पिवळं प्लास्टर कालवलं, तेच, कामाचं.
त्यात शेवाळाचा चुरा, कोळंबीचा कीस,
लसणाची एक पाकळी ठेचून.
ओतायला हाताशी साचा होता
हर्षे आजोबांच्या खालच्या जबड्याचा.
जूनपासून कवळी न्यायला कुणी आलं नव्हतं.
दोन हप्ते देऊन झाले होते,
मग सुनेचा फोन आला, आता नको.
उरलेले पैसे मी मागितले नाहीत,
तिनेही विषय काढला नाही.

माप देताना, तोंडात ट्रे असताना,
ते काहीतरी बोलत होते. ट्रे काढल्यावर कळलं:
"मला बाकी काही नको हो,
फुटाणे खाता आले पाहिजेत."

जबडा टाकीच्या तळाशी ठेवला.
ती लांबून बघत राहिली, एक डोळा, मग दुसरा.
मी दिवा मालवून बाहेर जाऊन बसले.
अकराच्या सुमारास आतून आवाज आला,
कर्र.
थोडं थांबून, कर्र, कर्र.
कुणीतरी अंधारात फुटाणे खात असल्यासारखा.

आता दर गुरुवारी वीज जाते तेव्हा
मी बॅटरीचा पंप लावून शेजारी स्टूल घेऊन बसते.
रात्री ती स्वतःभोवती
लाळेची पातळ पिशवी विणून झोपते,
आपण मच्छरदाणी खोचतो तशी, चारही बाजूंनी.
सकाळी ती पिशवी रिकामी, दगडाला चिकटलेली.

दिवाळीपासून शेपटीकडून हिरवा रंग चढतोय.
फिरोझभाई म्हणाले, मादीचा नर होतो यांच्यात,
त्यात काय एवढं.
"आली का जेवायला" म्हणता म्हणता
मी आता "आला का" म्हणते,
कधी एकाच वाक्यात दोन्ही.
माझं क्रियापद अडखळतं. पोहणं अडखळत नाही.

आणि खाल्लेलं सगळं मागून
पांढरं, बारीक, धूर सोडावा तसं सोडत जातो.
कोपऱ्यात त्याचा ढीग झालाय,
मूठभर, फार तर दीड मूठ.
परवा बाही वर करून हात घातला,
बोटांत धरून बघितली:
वाळू.
समुद्र इथून किती लांब आहे
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

खालचा जबडा संपत आलाय.
वरचा फळीवर आहे अजून.